चाळीस फुटी रस्ता

सीताबर्डीवरच्या पुस्तकांच्या दुकानात तेव्हा नागपूरचा जो नकाशा विकत मिळायचा, त्यात आमचं घर खुणांच्या चौकटीखाली होतं. अशी चौकट प्रत्येक नकाशात असते. दुहेरी रेघ म्हणजे पक्का रस्ता, दातेरी रेघ म्हणजे रेल्वे, तुटक रेघ म्हणजे शहराची हद्द, असं त्यात लिहिलेलं असतं. ही चौकट कुठे ठेवायची याचा नियम सोपा आहे. जिथे दाखवण्यासारखं काही नाही तिथे ठेवायची. नकाशा छापणाऱ्याला पूर्वेकडचा खालचा कोपरा मोकळा दिसला, त्याने तिथे चौकट ठेवली. त्या चौकटीखाली आम्ही राहत होतो, आणि आमच्यासारखी आणखी वीस-पंचवीस घरं.

मला हे कळायचं कारण म्हणजे माझं कामच ते होतं. सत्तरच्या दशकात मी एका सरकारी कचेरीत ट्रेसर होते. मूळ नकाशा टेबलावर पसरायचा, त्यावर ट्रेसिंगचं मेणकापड ताणून टाचण्या लावायच्या आणि रूलिंग पेनाने काळ्या शाईत एकेक रेघ उतरवायची. चुकलं तर ब्लेडने खरवडता येतं, पण कापडाला केस फुटतात आणि पुढची शाई तिथे फुटते. म्हणून मी घाई करत नसे. आधी यादी करायची: रस्ते, मग नाले, मग रेल्वे, मग इमारती, शेवटी अक्षरं. झालेल्यावर बारीक टिक. ही सवय मला आजही आहे, आणि घरचे तिला हसतात.

जनगणनेचे आकडे आले त्या वर्षी आमच्याकडे लोकसंख्येचा नकाशा काढायला आला. ठरावीक माणसांमागे एक ठिपका, असं प्रमाण. वॉर्डाचा आकडा घ्यायचा, भागायचं आणि तितके ठिपके त्या वॉर्डात भरायचे. इतवारीत मी हात टेकले. ठिपके एकमेकांवर चढायला लागले. शेवटी साहेब म्हणाले, तिथे सगळं काळंच करून टाका. महालातही तसंच झालं. धरमपेठेत मात्र ठिपके रांगोळीच्या ठिपक्यांसारखे बसले, मधून मधून श्वास घ्यायला जागा ठेवून. कपाटात जुने नकाशे होते. त्यातल्या सर्वात जुन्यावर धरमपेठेच्या जागी शेतं, विहिरी आणि एक पायवाट होती. पुढच्यावर पट्टीने आखलेले रस्ते. त्याच्या पुढच्यावर रस्त्यांना लागून घरांचे चौकोन. तीन कागद एकापुढे एक ठेवले की शहर चालताना दिसायचं.

ठिपक्यांच्या कामात एक सक्त सूचना होती. हद्दीच्या तुटक रेघेबाहेर ठिपका द्यायचा नाही. ती रेघ आमच्याकडे नाल्याच्या काठाने जायची. नाल्यापलीकडे माझ्या आई-वडिलांचं घर. मी तो कोपरा रिकामा ठेवला, टिक केली आणि पुढच्या वॉर्डाकडे वळले. कचेरीत कुणी विचारलं की कुठे राहता, तर मी म्हणायची, "इतवारीच्या पुढे." किती पुढे ते सांगायची नाही.

आता आम्ही तिथे कसे गेलो ते सांगते. बाबा मूळ नरखेडकडच्या खेड्यातले. संत्र्याची बाग थोरल्या काकांकडे राहिली आणि बाबा नागपुरात आले, इतवारीत भांड्यांच्या एका ठोक दुकानात मालावर देखरेख करायला. दुकानामागच्याच गल्लीत एका खोलीत आम्ही राहायचो. दोन हातगाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे मागे जावं लागे आणि तोवर गल्लीतली माणसं भिंतीला पाठ लावून उभी. बाबा अशा वेळी हात वर करून उभे राहायचे, म्हणजे जागा कमी लागते. मी त्यांना असं इतक्या वेळा पाहिलं आहे की त्यांची आठवण आली की आधी ते वर केलेले हात दिसतात.

मग एका दलालाने त्यांना निळा नकाशा दाखवला. नाल्यापलीकडच्या एका शेतकऱ्याने आपल्या शेतात लेआउट पाडलं होतं. निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा. ओळीने प्लॉट, प्रत्येकावर नंबर. मधोमध मोठा चौकोन, त्यात अक्षरं: नियोजित बगीचा. एका कडेला नियोजित शाळा. आणि या सगळ्यांच्या मधून सरळ जाणारा, चाळीस फुटी रस्ता. बाबांनी बाकी काही फारसं विचारलं नाही. त्या रस्त्यावर बोट ठेवून ते दलालाला म्हणाले, "चाळीस फूट? म्हणजे किती हातगाड्या?"

प्लॉट घेतला, टिनाचं छत टाकून दोन खोल्या बांधल्या, आम्ही राहायला गेलो. जागेवर काय होतं? बगीच्याच्या जागी एका म्हशीवालीच्या सात-आठ म्हशी बांधलेल्या आणि उरलेल्यात शेतकऱ्याची तूर. शाळेच्या जागी मुरूम काढलेला खड्डा, पावसाळ्यात त्यात पाणी साचून बेडूक. रस्ता म्हणजे बैलगाडीच्या चाकांचे दोन चर. कोपऱ्याकोपऱ्यावर नंबर टाकलेले दगड मात्र होते.

बाबांसाठी तेवढे दगड पुरेसे होते. त्यांनी भिंत रेघेपासून तीन फूट आत घेतली, उद्या रस्ता करणाऱ्यांना अडचण नको म्हणून. दर दिवाळीला घराबरोबर ते कोपऱ्यावरचे दगडही चुन्याने रंगवायचे. बसकडे जाणारे सगळे लोक बगीच्याच्या चौकोनातून तिरपे कापून जायचे, तिथे पायवाट पडली होती. बाबा कडेकडेने वळसा घालून जायचे. का, तर बगीच्यातून कुणी रस्ता काढत नाही.

म्हशीवाली त्यांना सोडायची नाही. "काय भाऊजी, गुलाब कधी लागते बगीच्यात? माह्या म्हशी वास घ्यासाठी थांबून राहिल्या."

"लागन ना वं," बाबा शांतपणे म्हणायचे. "तू पयले म्हशी त सोड तिथून."

"मी कायले सोडू? गुलाबाले शेण नाही लागत का?"

दोघंही हसायची. मी आत असायची आणि मला हसू यायचं नाही. मी सरकारचे खरे नकाशे काढत होते. दिवसभर ज्या रेघा ओढायची त्या जमिनीवर जाऊन मोजल्या तरी तशाच सापडायच्या. घरी आले की भिंतीवर तो निळा कागद, आणि आल्यागेल्याला तो दाखवणारे बाबा. पाहुणा पाणी प्यायच्या आत बाबा त्याला भिंतीजवळ उभं करायचे. "आपन इथं. हा रस्ता. हे शाळा." पाहुणा खिडकीतून बाहेर बघायचा, मग नकाशाकडे, मग माझ्याकडे. मी आत निघून जायची.

माझं लग्न जमायला उशीर होत होता. स्थळ मामांनी आणलं. मामा, म्हणजे आईचा भाऊ, धरमपेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे, पण पत्ता धरमपेठेचा होता आणि त्यामुळे त्यांच्या ओळखीही तिथल्या. मुलगा बँकेत. घर स्वतःचं, धरमपेठेत, दारात फाटक. त्यांना नोकरी करणारी मुलगी हवी होती. फोटो पसंत पडला होता. रविवारी दुपारी मुलगी बघायला येतो, असा निरोप आला.

मामा म्हणाले, "माझ्याकडेच दाखवू या. त्यांनाही जवळ पडेल."

"कायले?" बाबा म्हणाले. "आपलं घर नाही का?"

"आहे हो भाऊजी. पण त्यांना सापडायला..."

"मी नकाशा काढून देतो ना."

आई मामांकडे बघत होती, मी आईकडे. आम्हा तिघांना एकच वाटत होतं. मी फक्त म्हटलं, "बाबा, नकाशा मी काढून देते."

"तू सरकारचे काढ. घरचा मी काढतो."

मी काढला असता तर कसा काढला असता, ते मला नीट माहीत होतं. इतवारीचा शेवटचा बसथांबा, रेल्वेचं फाटक, तेलघाणीचं धुराडं, नाल्यावरचा नळीचा पूल, पुढे मोठा कडुनिंब, त्याच्या समोरून डावीकडे. आमच्या भागात पत्ता असाच सांगतात. मला वाटलं, बाबाही असंच काहीतरी काढतील. त्यांनी पाकीट बंद करून मामांच्या हातात दिलं आणि मी माझ्या कामाला लागले. शेजारून खुर्च्या, एकसारख्या कपबश्या, टेबलावर घालायला कापड, संत्र्याची बर्फी, आलुबोंडे ऐनवेळी तळायचे. जांभळी साडी आईची.

रविवारी दुपारी सगळं तयार होतं आणि पाहुणे आले नाहीत. सारण थंड झालं. आईने स्टोव्ह दोनदा पेटवून दोनदा बंद केला. बाबा दारात उभे होते, धुतलेलं धोतर, कोट, डोक्यावर टोपी.

"आइकता का," आई म्हणाली, "त्यायले तुमी रस्ता कोणता सांगितला?"

"सरळच त आहे. बगीच्याच्या वरच्या कोपऱ्यापासून चाळीस फुटी रस्त्यानं पूर्वेले. शाळेच्या पयले चौथं घर."

आई स्टोव्हजवळून उठली. "कोणता बगीचा?"

"आपला."

"फाटक सांगितलं का? धुराडं?"

"त्या नकाशात धुराडं कुठं आहे?" बाबांनी भिंतीकडे हात केला. त्यांनी निळ्या कागदावरून जशाच्या तशा रेघा उतरवून पाठवल्या होत्या. आठ वर्षं ते ज्या गावात राहत होते त्याचा तो नकाशा होता. त्यात धुराडं नव्हतं, नाला नव्हता आणि म्हशी नव्हत्या.

आई खाली बसली. मला आठवतं, मी आधी पदर सारखा केला. कोणी बघत नसताना.

बाबा त्यांना शोधायला निघणार, पायात चपला घालतच होते, तेवढ्यात आवाज आला. म्हशीवाली पुढे आणि तिच्या मागे पाहुणे. मुलाचे वडील, हातात तो कागद. मुलाची आत्या, रेशमी साडीचे काठ गुडघ्यापर्यंत वर धरलेले, खालचा भाग चिखलाने भरलेला. मुलाचे काका, बूट हातात. सगळ्यांच्या मागे मुलगा, आणि त्याच्याही मागे, फाटकाशी वाट पाहून त्यांना शोधत आलेले, घाम पुसणारे मामा.

"घ्या वं बाई, तुमचे पाव्हणे," म्हशीवाली आईला म्हणाली. "बगीचा पुसून राहिले होते. मी म्हटलं, बगीचा कोणता बाप्पा, इथं त मी आन माह्या म्हशी."

"बसा, बसा," आई म्हणाली.

"आधी पाय धुऊ का?" आत्या म्हणाल्या. "अगं बाई, काय हा नाला! मला वाटलं, आता मीही वाहून जाते."

काका खुर्चीत बसले आणि जोरात हसले. तोंडाळ, हौशी गृहस्थ होते. पुढे मला ते आवडायला लागले, पण ते पुढे. "अहो, बगीचा बगीचा करत अर्धं नागपूर पालथं घातलं. एकाने तर महाराजबागेचा, थेट प्राण्यांच्या पिंजऱ्यांचा रस्ता दाखवला. मी म्हटलं, मुलगी बघायची आहे भाऊ, वाघ नाही बघायचा!"

सगळे हसले. बाबाही हसले. पाहुणे खुशीत आहेत, असं त्यांना वाटलं. त्यांनी भिंतीवरचा निळा नकाशा खिळ्यावरून काढला आणि टेबलावर त्या कागदाशेजारी अंथरला.

"हा पाहा. माह्या काढण्यात चूक नाही. हा दगड तुमाले लागला असन, चुन्याचा. तिथून सरळ."

"आणि ही शाळा?" काका.

"शाळा इथं."

"वर्ग कितीपर्यंत आहेत?"

"वर्ग आता नाही. शाळा झाली का होतीन."

"मास्तर तरी आले आहेत का?"

"काका," मुलगा हळूच म्हणाला.

मी चहाचा ट्रे घेऊन आत आले ती नेमकी या वेळी. उंबऱ्यावर उभी राहिले, कारण टेबलावर नकाशा पसरला होता आणि ट्रे ठेवायला जागा नव्हती. काकांची नजर माझ्याकडे वळली. "ही तर नकाशांच्या कचेरीत आहे ना? मग आता पक्कं उत्तर मिळेल. काय गं, सरकारच्या नकाशात तुमचा हा बगीचा कुठे आहे?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरोखर वाटत होतं की मी आता ट्रे ठेवीन, पेन घेईन आणि दाखवीन.

"हा भाग अजून हद्दीत नाही," मी म्हटलं.

"म्हणजे नकाशात नाहीच?"

"नाही."

"म्हणजे," काका मांडीवर थाप मारत म्हणाले, "आम्ही आत्ता नागपूरच्या बाहेर चहा पिऊन राहिलो!"

पुन्हा हशा झाला. या खेपेला बाबा हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. एखाद्याला बसची वेळ समजावून सांगावी तसं ते म्हणाले, "अजून नाही. येते ना. शहर इकडंच येऊन राहिलं."

त्यांचं ते वाक्य खरं ठरलं. ऐंशीच्या दशकात हद्द नाल्यापलीकडे गेली. तो रस्ता डांबराचा झाला, आणि बाबांनी भिंत आत घेतल्यामुळे आमच्या घराचा एक कोपराही पाडावा लागला नाही. ज्यांनी रेघेवर घरं बांधली होती त्यांचे ओटे आणि पायऱ्या गेल्या. सुधारित नकाशात खुणांची चौकट आणखी पूर्वेकडे सरकवली गेली, आणि तिच्याखाली आता कोण राहतं, हा विचार मला तो ट्रेस करताना आला. आमच्या कोपऱ्यात मी पहिल्यांदा ठिपके दिले. पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी टेबलाभोवती बसलेल्यांना फक्त म्हशींचा वास येत होता.

मुलाने कप खाली ठेवला आणि बाबांना विचारलं, "रस्त्याला खरंच चाळीस फूट जागा सोडली आहे का सगळ्यांनी?"

"मोजा ना!" बाबा उठलेच. दोर घेतला. दोघं बाहेर गेले. खिडकीतून मला दिसलं, एका दगडाशी बाबा वाकलेले, समोरच्या दगडाशी हा मुलगा, पॅंटच्या घड्या वर केलेल्या, दोराचं टोक हातात. तो काहीतरी ओरडून म्हणाला आणि बाबांनी दोन्ही हात वर केले, बरोबर आहे म्हणून. मला तो मुलगा आवडला. आत्या आईला म्हणत होत्या, "तुमचं सगळं छान आहे हो, फक्त फार आडबाजूला."

चार-पाच दिवसांनी मामा निरोप घेऊन आले. मुलगी पसंत. देण्याघेण्याचा काही विषय नाही. फक्त एक विनंती, तीही गोड शब्दांत. लग्न मामांच्या घरून व्हावं आणि पत्रिकेवर मुलीकडचा पत्ता मामांचा असावा. त्यांच्याकडे मोठमोठी माणसं येणार. त्यांनी नाल्यात उतरायचं का? आणि पत्रिका तर गावभर जाते.

"यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, भाऊजी," मामा म्हणाले. "सोयीचा प्रश्न आहे."

बाबा पाटावर बसले होते. त्यांनी खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी म्हणत होतो, मांडव रस्त्यावर घातला असता. दोन्ही बाजूनं गाडी जाईन इतकी जागा राह्यते."

"आता अडून राहू नका," आई म्हणाली. तिच्या आवाजात विनवणी होती. "पोरीचं वय पाहा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी विचारलं नाही. मला ते स्थळ हवं होतं, फाटकाचं घर हवं होतं, आणि कुणी विचारलं तर थांबावं लागणार नाही असा पत्ता हवा होता. त्या क्षणी बाबांनी जर विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, हेही मला माहीत आहे. त्यांनाही माहीत असावं. ते म्हणाले, "ठीक आहे. तुमी म्हणता तसं करू."

पत्रिका छापून आल्या. बाबांनी एक उचलून उजेडात धरली आणि पत्त्याच्या ओळीवरून बोट फिरवलं. "छपाई चांगली आहे," म्हणाले. वाटपाचं सगळं माझ्याकडे होतं. आमच्या लेआउटमध्ये घरोघरी मीच गेले. म्हशीवालीला अक्षता दिल्या, पत्रिका वाचून दाखवली.

"धरमपेठेत?" ती म्हणाली. "काहून वं? इथं काय झालं?"

"पाहुण्यांना सोयीचं पडतं." मी मामांचं वाक्य जसंच्या तसं दिलं. मग कोणती बस, कुठे उतरायचं, कोणत्या हाताला वळायचं, ते समजावलं. समजावण्यात मी चांगली आहे.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इतके वर्षं आमीच लोकायले तुमचं घर दाखवलं. आता आमालेच तुमचं घर पुसत या लागते." तिने ते हसतच म्हटलं. लग्नाला ती आली नाही. आदल्या दिवशी खव्याचं पातेलं पाठवलं, फडकं बांधून.

मामांच्या दोन खोल्यांत आम्ही आदल्या दिवशीच राहायला गेलो. समोरच्या मोकळ्या पटांगणात मांडव. धरमपेठेचे रस्ते सरळ, दोन्ही बाजूंना झाडं, कोपऱ्यावर गल्लीची पाटी. वऱ्हाड वेळेवर आलं. कुणीही चुकलं नाही. बाबा मांडवाच्या तोंडाशी उभे राहून प्रत्येकाला नमस्कार करत होते. नवीन कोट त्यांना खांद्यात घट्ट होत होता.

लग्न लागलं. पंगतीच्या आधी मी आणि माझा नवरा वडीलधाऱ्यांच्या पाया पडत फिरत होतो. सासरकडचे एक वृद्ध गृहस्थ, निवृत्त, अगदी सभ्य, बाबांशी बोलत उभे होते. आम्ही त्यांच्या पाया पडलो. त्यांनी आशीर्वाद दिला आणि बाबांकडे वळून नुसतं बोलायचं म्हणून विचारलं, "आपण इथेच राहता का?"

मला वाटलं, आता बाबा सांगतील. नाल्यापलीकडे. रस्ता चाळीस फुटी आहे, मोजून पाहा. ते कुणालाही सांगायचे. दुकानातल्या हमालांना सांगायचे, बसमध्ये शेजारी बसलेल्याला सांगायचे. आता इथे, सगळ्यांसमोर सुरू होणार.

बाबांनी मांडवाकडे पाहिलं, मग पत्रिका ठेवलेल्या तबकाकडे. "हो," ते म्हणाले. "इथंच."

"वा! मग आपण शेजारीच. मी इथे पंचवीस वर्षं आहे. कोणत्या गल्लीत?"

बाबा त्या गल्लीचं नाव विसरले होते. कदाचित कधी लक्षातच घेतलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लहान मूल वर्गात शेजाऱ्याकडे पाहतं तसं. मी मुंडावळ्या बांधून उभी होते, शेजारी माझा नवरा, ज्याने त्यांच्यासोबत दोर धरला होता. त्याने खाली पाहिलं.

मी गल्लीचं नाव सांगितलं. पुढे घरनंबरही सांगितला, कुणी विचारला नव्हता तरी.

"अच्छा, अच्छा, म्हणजे पोस्टाच्या मागे," ते गृहस्थ म्हणाले.

"हो," बाबा म्हणाले, "पोस्टाच्या मागं." आणि त्या गृहस्थांचा हात धरून त्यांना जेवायला नेलं.